दूरध्वनीवरील अनाहूत निरोप : काय करावे, काय टाळावे



दुपारची वेळ. घरातील कर्ती मंडळी कामावर, मुले शाळेत. नुकताच डोळा लागलेल्या आजीच्या उशाशी दूरध्वनी वाजतो. परगावी असलेल्या लेकीचा असेल, दवाखान्यातून असेल, या विचाराने त्या लगबगीने तो उचलतात. पलीकडे माणूस नसतोच; असतो तो ध्वनिमुद्रित आवाज. वर्धा रोडवरील प्लॉट, विनातारण कर्ज, आरोग्य विमा, लागलेले बक्षीस! आजी ‘कोण बोलतंय?’ असे दोनदा विचारतात. मुद्रित आवाज मात्र आपले म्हणणे पुढे रेटीत राहतो. हा अनुभव आलेला नाही असे घर आपल्या नागपुरात आता शोधूनच काढावे लागेल.

परदेशांत असे निरोप बहुधा व्हॉइसमेलमध्ये, म्हणजे दूरध्वनीच्या निरोपपेटीत, येऊन पडतात. आपल्याकडे ही निरोपपेटी फारशी रुजली नाही. त्यामुळे मुद्रित निरोप थेट आपल्या कानावर येऊन आदळतात आणि त्यांच्या जोडीला लघुसंदेशांचा, अर्थात एसएमएसचा, ओघ सुरू असतो. या त्रासापासून सुटका करून घेण्याचे मार्ग कायद्याने आपल्याला दिलेले आहेत. परंतु अनेक धर्मग्रामवासीयांना, विशेषतः ज्येष्ठांना, ते ठाऊक नसतात. म्हणून हा लेखप्रपंच.

हा विषय धर्मग्रामाचा कसा?

कोणी विचारील, जाहिरातीच्या फोनचा आणि ख्रिस्ती जीवनाचा संबंध काय? आमच्या मते तो दोन प्रकारे येतो.

पहिला संबंध दुर्बलांच्या रक्षणाचा. जाहिरात आणि फसवणूक एकाच वाटेने घरात शिरतात. ज्या आवाजाने काल विमा विकला, तशाच सभ्य आवाजात आज कोणी ‘तुमचे बँक खाते बंद होणार’ असे सांगतो. एकटे राहणारे निवृत्त शिक्षक, पेन्शनवर दिवस काढणारी विधवा, मुले परगावी असलेले वृद्ध दांपत्य यांना हा भेद क्षणात कळेलच असे नाही. आयुष्यभराची पुंजी त्या एका क्षणात जाऊ शकते.

दुसरा संबंध आहे ऐकण्याचा. दिवसभरात असे पाचसात फोन आले की माणूस कंटाळतो आणि अनोळखी क्रमांक उचलणेच सोडून देतो. हा उपाय सोपा दिसतो. पण अपघात झाल्यावर अनोळखी माणसाच्या फोनवरून घरी कळविणारा मुलगा, रुग्णालयातील परिचारिका, संकटात सापडलेला शेजारी यांचेही क्रमांक अनोळखीच असतात. धर्मगुरूंना तर ही मुभाच नाही. मध्यरात्री वाजणारा फोन कदाचित आसन्नमरण रुग्णाच्या घरचा असतो आणि तेथे अभ्यंगसंस्कारासाठी वाट पाहिली जात असते. अनाहूत निरोपांचे खरे नुकसान हे आहे : ते आपला खऱ्या हाकेवरचा विश्वास उडवितात. म्हणून त्यांचे दार बंद करणे हे खऱ्या हाकेसाठी दार उघडे ठेवण्यासारखे आहे.

इतके फोन येतात तरी का?

यामागे साधे अर्थशास्त्र आहे. पूर्वी विक्रेत्याला दारोदार फिरावे लागे. आता एक संगणक आपोआप हजारो क्रमांक फिरवितो आणि मुद्रित आवाज ऐकवितो. प्रत्येक फोनचा खर्च अगदी नगण्य. हजारांत एकाने होकार दिला तरी विक्रेत्याचे भागते. उरलेल्या नऊशे नव्याण्णव जणांच्या वेळेची किंमत त्याच्या हिशेबात धरलेलीच नसते.

आपला क्रमांक त्यांच्याकडे जातो तो बहुधा आपल्याच हातून. दुकानातील बिलासाठी सांगितलेला क्रमांक, लकी ड्रॉची चिठ्ठी, मोबाईलवरील एखाद्या ॲपला दिलेली परवानगी, प्रदर्शनातील नोंदवही अशा ठिकाणांहून क्रमांकांच्या याद्या तयार होतात आणि हातोहाती फिरतात. म्हणून पहिला उपाय अगदी घरगुती आहे. ‘नंबर सांगा’ असे कोणी म्हटले, तर ‘कशासाठी?’ हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. गरज नसेल तेथे क्रमांक देऊ नये.

कायद्याची वाटचाल

या प्रश्नाला वाचा फुटली ती सर्वोच्च न्यायालयात. हर्ष पाठक या वकिलांनी अशा फोनविरुद्ध जनहित याचिका दाखल केली होती. पुढे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, ५ जून २००७ रोजी पहिले नियम केले. ज्यांना जाहिरातीचे फोन नकोत त्यांच्यासाठी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. ‘डू नॉट कॉल’ या नावाने ती अनेकांना आठवत असेल.

त्या व्यवस्थेत त्रुटी राहिल्या. म्हणून १ डिसेंबर २०१० रोजी नवे नियम जाहीर झाले आणि २७ सप्टेंबर २०११ पासून ते पूर्णपणे अमलात आले. नोंदणीकृत विक्रेत्यांसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरले, जेणेकरून फोन वाजताच तो जाहिरातीचा आहे हे ओळखता यावे. तिसरा टप्पा १९ जुलै २०१८ च्या नियमांचा. त्यांनुसार संदेश पाठविणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपले नाव आणि संदेशाचा नमुना दूरसंचार कंपन्यांच्या सामायिक संगणकीय नोंदवहीत आधी नोंदविणे आवश्यक झाले.

तरीही एक पळवाट उरली. नोंदणी न करता साध्या दहा अंकी क्रमांकांवरून जाहिरात करणारे वाढले. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत अशा विक्रेत्यांविरुद्ध ७.९ लाखांहून अधिक तक्रारी आल्या. १३ ऑगस्ट २०२४ रोजी ट्रायने कंपन्यांना आदेश दिला, की नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांच्या जोडण्या तोडाव्यात आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकावे. त्यानंतर थोड्याच दिवसांत २.७५ लाखांहून अधिक जोडण्या तोडण्यात आल्या आणि ५० संस्था काळ्या यादीत गेल्या. हे आकडे आम्ही मुद्दाम देत आहोत. ‘तक्रार करून काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर आहे. ती कारवाई सामान्य ग्राहकांनी केलेल्या तक्रारींतून उभी राहिली.

नोंदणी कशी करावी?

या कामासाठी लक्षात ठेवण्याचा क्रमांक एकच : १९०९. तो विनामूल्य आहे.

१. आपल्या मोबाईलवरून १९०९ या क्रमांकावर फोन करावा आणि सूचनांप्रमाणे आपली पसंती नोंदवावी. लघुसंदेश पाठवायचा असल्यास इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ लिहून, एक जागा मोकळी सोडून, शून्य हा अंक लिहावा व तो १९०९ वर पाठवावा. शून्याचा अर्थ ‘कोणतीही जाहिरात नको’.

२. सर्वच जाहिराती बंद करायच्या नसतील तर विषयवार निवड करता येते. बँक, विमा व कर्ज यांसाठी १, घरे व जमिनी २, शिक्षण ३, आरोग्य ४, ग्राहकोपयोगी वस्तू व वाहने ५, दूरसंचार व करमणूक ६, पर्यटन ७ आणि खाद्यपदार्थ ८ असे विभाग आहेत. उदाहरणार्थ, ज्या घरातील मूल बारावीला आहे त्यांना शिक्षणविषयक माहिती हवी असेल. त्यांनी तो विभाग तेवढा उघडा ठेवावा.

३. नोंद झाल्याचा संदेश आला की तो जपून ठेवावा.

४. घरातील प्रत्येक क्रमांकाची नोंदणी वेगळी करावी लागते. आजीआजोबांचा फोन आठवणीने हाती घ्यावा.

येथे एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. नोंदणी केल्यावरही बँकेतील व्यवहाराचे, रेल्वे आरक्षणाचे आणि सरकारी सूचनांचे संदेश येतच राहतील. ते जाहिरातीत मोडत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियमांत केलेल्या सुधारणेनुसार संदेश पाठविणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर जोडले जाते. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार आणि ‘जी’ म्हणजे सरकार. संदेश वाचण्यापूर्वी शेवटच्या अक्षराकडे पाहण्याची सवय ज्येष्ठांना लावून द्यावी.

तक्रार कशी करावी?

नोंदणीनंतरही जाहिरात आली तर तक्रार करावी. आलेल्या संदेशाचा मजकूर, तो पाठविणाऱ्याचा क्रमांक किंवा नाव आणि दिनांक, या तीन गोष्टी स्वल्पविराम देऊन लिहाव्यात व तो संदेश १९०९ वर पाठवावा. फोन आला असल्यास मजकुराच्या जागी बोलण्याचा थोडक्यात आशय लिहावा. ट्रायचे ‘डीएनडी’ हे ॲप तसेच आपल्या दूरसंचार कंपनीचे ॲप यांतूनही तक्रार नोंदविता येते.

२०२५ च्या सुधारणेने ग्राहकांचे काम सोपे केले आहे. पूर्वी तक्रारीसाठी तीन दिवसांची मुदत होती, ती सात दिवसांची झाली. नोंदणी नसलेल्या विक्रेत्यावर कारवाई करण्यासाठी कंपनीला तीस दिवस मिळत, ते पाचवर आले. एवढेच नव्हे, तर अशा विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी आपली पसंती आधी नोंदविलेली असण्याचीही गरज उरलेली नाही. दहा दिवसांत एकाच विक्रेत्याविरुद्ध पाच तक्रारी आल्या की कारवाईचे चक्र फिरू लागते. म्हणजे एका धर्मग्रामातील पाच घरांनी मनावर घेतले तरी ते पुरेसे ठरू शकते.

व्हॉट्सॲपवरील जाहिरातींना १९०९ चा उपयोग होत नाही. तेथे तो क्रमांक ‘ब्लॉक’ करावा आणि त्याच ॲपमधून त्याची तक्रार करावी.

जाहिरात कोणती, फसवणूक कोणती?

जाहिरात आपल्याला मोह दाखविते. फसवणूक बहुधा भीती दाखविते आणि घाई करते. ही खूण पक्की ध्यानात ठेवावी.

मुद्रित आवाज सांगतो, ‘तुमचा मोबाईल क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा.’ तो आवाज ट्रायचे किंवा दूरसंचार खात्याचे नाव घेतो. ट्रायने जाहीरपणे स्पष्ट केले आहे, की क्रमांक बंद करण्याबाबत ते ग्राहकांना असे फोन करीत नाही. ९ दाबले की पलीकडे तोतया पोलीस किंवा अधिकारी येतो आणि ‘तुमच्या नावे गुन्हा दाखल आहे, व्हिडिओ कॉलवरच बसून राहा, कोणाला काही सांगू नका’ असे धमकावतो. यालाच ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मधील ‘मन की बात’ या कार्यक्रमात नागरिकांना याबाबत सावध केले होते.

अशा वेळी पुढील नियम पाळावेत :

• मुद्रित आवाजाने सांगितलेले कोणतेही बटण दाबू नये. त्यामुळे आपला क्रमांक चालू आहे आणि येथे ऐकणारा माणूस आहे, हे पलीकडे कळते.

• ओटीपी, पिन किंवा कार्डाचा क्रमांक कोणालाही सांगू नये. खरी बँक तो विचारीत नाही.

• अनोळखी संदेशातील दुवा उघडू नये.

• शंका आल्यास फोन ठेवावा आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी. बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवलेले आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

• संशयास्पद फोनची माहिती केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेत द्यावी. ही सुविधा मार्च २०२४ मध्ये सुरू झाली.

• पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम मध्येच थांबविण्याची शक्यता अधिक.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा : लाज बाळगू नये. फसविले गेलेले ज्येष्ठ अनेकदा मुलांच्या रागावण्याच्या भीतीने गप्प बसतात आणि ही गप्प राहिलेली वेळच चोराच्या पथ्यावर पडते. ‘एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?’ हा प्रश्न मुलांनी विचारू नये. ‘बाबा, आधी १९३० ला फोन लावू’ एवढेच म्हणावे. चूक चोराची आहे, त्यांची नव्हे.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांसाठी

आपल्या अनेक कुटुंबांतील मुले-मुली नोकरीनिमित्त परदेशी आहेत. तेथे निरोपपेटीत पडणाऱ्या जाहिरातींचा प्रश्न मोठा आहे. अमेरिकेत मुद्रित आवाजाच्या फोनवर निर्बंध घालणारा कायदा १९९१ मध्ये झाला आणि ‘डू नॉट कॉल’ नोंदवही २००३ मध्ये सुरू झाली. फोन न वाजविताच थेट निरोपपेटीत जाहिरात टाकण्याची युक्ती काही विक्रेत्यांनी काढली. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने असा निरोपही याच कायद्याखाली येतो, असा निर्णय दिला. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या आवाजांनाही हा कायदा लागू आहे, हे त्याच आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले.

निरोपपेटीबाबत सोपी पथ्ये अशी : अनोळखी निरोपाला उलट फोन करू नये, त्यात सांगितलेल्या क्रमांकाऐवजी संस्थेचा अधिकृत क्रमांक शोधावा, निरोपपेटीचा पिन सोपा ठेवू नये. आता माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. म्हणून ‘आई, मी संकटात आहे, पैसे पाठव’ असा निरोप मुलाच्या आवाजात आला तरी आधी त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करावा. कुटुंबाने आपसांत एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, हे उत्तम.

पलीकडेही माणूस आहे

मुद्रित आवाजाऐवजी कधी खरोखरच माणूस बोलत असतो. तो बहुधा विशीतील मुलगा किंवा मुलगी असते. दिवसाकाठी ठरावीक फोन करण्याचे ओझे तिच्या डोक्यावर असते आणि प्रत्येक तासाला तिला शिव्या ऐकाव्या लागतात. आपल्याच धर्मग्रामांतील काही युवक-युवतीही हे काम करीत असतील. त्यांना ‘नको, धन्यवाद, कृपया माझा क्रमांक यादीतून काढा’ असे शांतपणे सांगून फोन ठेवावा. तक्रार जरूर करावी, पण ती विक्रेत्या संस्थेविरुद्ध. त्या मुलीचा पाणउतारा करून काहीही साधत नाही. तीही देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेली आहे.

हे काम करणाऱ्या युवकांनाही आमचे सांगणे आहे. प्रामाणिकपणे वस्तू विकणे यात गैर काही नाही. परंतु अटी लपवून, वृद्धांना घाबरवून किंवा खोटे नाव सांगून विकायला लावले जात असेल, तर तेथे सातवी आणि आठवी आज्ञा मोडते : चोरी करू नये आणि खोटी साक्ष देऊ नये. अशा वेळी आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे.

आपल्या घरापासून सुरुवात

दुसऱ्यांना नियम सांगताना आपण आपल्याकडेही पाहिले पाहिजे. धर्मग्रामाच्या कुटुंबनोंदीत शेकडो क्रमांक असतात. लोकांनी ते पालकीय कार्यासाठी विश्वासाने दिलेले असतात. ती यादी विमा प्रतिनिधीला, प्लॉट विकणाऱ्याला, सहल काढणाऱ्याला किंवा निवडणुकीतील उमेदवाराला देणे हा विश्वासभंग होय, मग तो मनुष्य आपल्याच समाजातील का असेना. माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरावी, हे तत्त्व २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही आहे. धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप समूहावर धंद्याच्या जाहिराती टाकणेही थांबले पाहिजे. मिस्साच्या वेळा आणि निधनवार्ता ज्या ठिकाणी वाचायच्या, तेथे साड्यांच्या सवलती आल्या की लोक समूह बंद करून ठेवतात आणि अंत्यविधीची वेळ त्यांना कळतच नाही.

आमची एक सूचना आहे. प्रत्येक धर्मग्रामाच्या युवक संघाने एखाद्या रविवारी मिस्सानंतर तासभर सभागृहात बसावे. ज्येष्ठांनी आपापले फोन घेऊन यावेत. १९०९ वर नोंदणी करून द्यावी, तक्रार करण्याची रीत दाखवावी आणि १९०९ व १९३० हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून द्यावेत. लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीतही हे करता येईल. जे आजारपणामुळे चर्चला येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी पवित्र कम्युनियन घेऊन जाणाऱ्यांनी या कामाचीही आठवण ठेवावी, कारण त्यांनाच हे फोन सर्वाधिक छळतात.

आपल्या नागपूर महाधर्मप्रांताचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावे आहे. ११ वे पायस यांनी १९२३ मध्ये त्यांना कॅथॉलिक पत्रकार व लेखकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. १५९४ पासून शाब्ले प्रांतात सुवार्ताकार्य करताना लोक त्यांचे प्रवचन ऐकायला येईनात. तेव्हा ते आपले विचार कागदावर लिहून लोकांच्या दाराखालून आत सरकवीत. न बोलाविता आलेलाच तो निरोप होता. पण त्यात भीती नव्हती, लपवाछपवी नव्हती, काही उकळण्याचा हेतू नव्हता; वाचणे न वाचणे घरच्या माणसाच्या हाती होते आणि लिहिणारा प्रश्नांना उत्तर द्यायला समोर उभा होता. दारात आलेला कोणताही निरोप पारखण्यासाठी ही कसोटी आजही पुरेशी आहे.

परमेश्वर आपल्याला खरा आणि खोटा आवाज ओळखण्याची बुद्धी देवो, आपल्या ज्येष्ठांचे रक्षण करो आणि गरजवंताच्या हाकेसाठी आपले कान सदैव उघडे ठेवो, ही प्रार्थना.